तीन बोटं

सावद्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गात
आम्ही तपासणीचं टेबल मांडलं.
फळ्यावर सत्तावीसचा पाढा होता, सहापर्यंतच.
डॉक्टर म्हणाले, सोपं आहे,
तीन बोटं एकावर एक रचायची
आणि तोंडात घालायची.
गेली, तर घरी जा.

पोरं रांगेत हसत होती.
हसताना त्यांची तोंडं
पुरती उघडत नव्हती,
हे मला तिसऱ्या-चौथ्या पोरापासून दिसायला लागलं.

रुबाब तडवी. वय एकोणीस.
काम : केळीचे घड वाहणे.
दोन बोटं गेली.
तिसरं ओठाशी थांबलं,
चपला काढाव्यात की नाही
हे न कळलेल्या पाहुण्यासारखं.

"दोन नका लिहू ताई," तो म्हणाला,
"अडीच लिहा."
केळीच्या भावात
थोडं इकडेतिकडे होतंच ना, तसं.

फॉर्मवर एक रकाना आहे : सवयीचं कारण.
रुंदी इंचभर.
'मित्र' मावतं. 'ताण' मावतं.
तो मात्र सांगायलाच बसला.

उन्हाळ्यात गाडी रात्रीच भरायची.
तेराव्या वर्षी डोळा लागला घडावरच,
तर मुकादमानं पहिली पुडी दिली,
चार शिव्यांसोबत, फुकट.
दुसरीचे पैसे हजेरीतून कापले.
"भूक मरते, झोप मरते,
आन् गाडी भरते," तो म्हणाला,
आणि स्वतःच्याच यमकावर खूश झाला.

मी म्हटलं, पण बंदी आहे ना?
"हाय ना. म्हणून तं शटरखालून भेटते.
आमी नववीत होतो ताई,
आमाले वाटे,
शटरखालून जे भेटते
ते मोठ्या मानसायचं राह्यते."

मग तापीच्या पुलावर गाड्या,
हँडल सोडून, दोन्ही हात वर.
भीती वाटायची का?
वाटायची. पण "मी नाही" म्हणणाऱ्याला
परत पायी यावं लागायचं,
आणि पायी येणाऱ्याला
गावात नाव पडायचं. ते नाव
त्यानं मला सांगितलं नाही.

घरी सहा महिने झाले,
शेवभाजीचा पहिला घास घेतला
की डोळ्यांत पाणी.
मिरची तीच. माय तीच. खल तोच.
हा ताटात दही मागतो.
"इतकं तिखट कायले टाकते व माय?"
माय हसली,
शेजारणीला बोलावून सांगितलं,
माह्या पोराचा आता जावाई झाला.
भरताच्या पार्टीत तो
नुसती पुरी कुस्करत बसला,
दोस्तांना म्हणाला, पोट बिघडलंय.

इंच कधीच भरला होता.
मी समासात लिहीत होते, उभी, मग आडवी,
मग मी लिहिलं : मागील पान पाहा.
मागच्या पानावर छापलं होतं
तंबाखूचे दुष्परिणाम, क्रमाने, एक ते बारा.

उठताना त्यानं माझ्या दातांकडे पाहिलं.
रोग पाहणाऱ्यासारखं नाही,
गाववाला भेटल्यासारखं.
"तुमचं कधीपासून, ताई?"

जळगावचं होस्टेल. रात्रपाळी.
दाढ ठणकत होती,
नि खाट क्रमांक नऊची म्हातारी
पहाटेपर्यंत पाणी मागत होती.
हर्षालीनं तपकिरीची डबी पुढे केली,
म्हणाली, हिरडीला लाव फक्त.
फक्त.
हे सगळं इंचात मावलं नसतं.
मी म्हटलं, चहा जास्त होतो माझा.
तो म्हणाला, "हो. चहा वाईटच."

संध्याकाळी फॉर्म मोजले. एकशे चौदा.
प्रत्येकाच्या तळाशी,
माहिती भरणाऱ्याचं नाव आणि सही,
एवढंच विचारलेलं.
रुबाबच्या फॉर्मवर दोन होतं.
दोनच ठेवलं.
अडीचचा रकाना नसतो,
आणि जळगावच्या चिठ्ठीवर
पत्ता लिहिताना त्यानं विचारलं होतं,
सोमवारी गेलो तर हजेरी कोन देईन?

रात्री खोलीत, लाइट गेलेली,
आरशासमोर मोबाइल उभा करून
मी बोटं रचली.
बाहेर केळीची गाडी भरत होती,
कोणीतरी घड मोजत होतं मोठ्यानं,
झोप उडावी म्हणून असेल.
गेली. तिन्ही गेली.
मी हात धुतले
आणि अंधारातच डबी शोधली.
लगेच सापडली.